जोहराबाई किती वेगानं गात होत्या?

माझं आजोळ इंदूरचं, रामबागेतलं. आजोबा गेल्यावर घरातल्या वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा आईनं भांडीकुंडी काही न मागता एक पत्र्याची ट्रंक तेवढी मागून घेतली. तीत जुन्या धोतरांच्या फडक्यांत गुंडाळलेल्या चाळीसेक तबकड्या होत्या. बहुतेक तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी घेतलेल्या. चावीचा ग्रामोफोन मामांकडे राहिला आणि पुढे केव्हातरी भंगारात गेला. आमच्याकडे पुण्याला वडिलांनी हप्त्यानं घेतलेला विजेवरचा रेकॉर्ड प्लेअर होता. त्याला वेगाचा एक खटका होता: १६, ३३, ४५, ७८. लाखेच्या तबकड्यांसाठी खटका ७८ वर न्यायचा, हे मला अक्षरओळख होण्याआधी कळत होतं.

त्या ट्रंकेत जोहराबाई आग्रेवालींच्या दोन तबकड्या होत्या. रविवारी जेवणं आटोपली की आई त्यांतली एक लावायची, डोळे मिटून ऐकायची, आणि संपली की काही न बोलता पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायची. मला ते गाणं अजिबात आवडत नसे. डबीत कोंडलेली माशी भिंगरीसारखी फिरावी तसा आवाज, धापा टाकत पळणाऱ्या ताना, मागे कुठेतरी तबल्याची टकटक. पुढे वाचनात आलं की जोहराबाईंचा आवाज भरदार, जवळजवळ मर्दानी होता. फैयाज खाँसारख्यांनी त्यांना मानलं होतं. मी मनाशी म्हटलं, जुन्या लोकांना जुनं ते सगळं सोनंच वाटतं. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही अभिरुची कशी घडते यावर तासन्‌तास वाद घालायचो. वर्ग, जात, शिक्षण, भाषा सगळं त्यात येई. रेकॉर्ड प्लेअरचा खटका आला नाही.

काही वर्षांपूर्वी तबकड्या जमवणाऱ्या एका स्नेह्यांनी त्या दोन्ही रेकॉर्डी संगणकावर उतरवून दिल्या. त्यांनी पाठवलेली फाइल मी लावली आणि खोलीत एक अनोळखी बाई गाऊ लागली. आवाज खालचा, रुंद, छातीतून येणारा. ताना जलदच, पण प्रत्येक स्वर पायरीवर पाऊल ठेवावं तसा वेगळा. मी फोन करून विचारलं, ही कुणाची? ते हसले. म्हणाले, "तुमचीच. फक्त जरा हळू फिरवलीय."

पस्तीस वर्षं मी ज्या बाईंना नावं ठेवत होते, त्यांचं गाणं मी ऐकलेलंच नव्हतं. त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. आपल्याला काय आवडतं, याचा किती भाग आपला आणि किती यंत्राचा, हे मला माझ्यापुरतं तरी तपासून पाहायचं होतं.

सुरुवात कलकत्त्यात होते. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग तिथे आपली यंत्रं मांडून बसला. गौहर जान यांची पहिली ध्वनिमुद्रणं तेव्हाची. मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून किंवा स्टँडवरून पुढे आलेल्या एका कर्ण्यात तोंड घालून गायचं. आवाजाच्या जोरानं पडदा हलायचा, पडद्यानं सुई हलायची आणि सुई मेणाच्या चकतीवर रेघ कोरायची. मधे वीज नाही, आवाज वाढवायची सोय नाही. त्यामुळे गाणाऱ्यानं जोर लावला तरच रेघ उमटे. खर्ज जवळजवळ पोचतच नसे, श्वास नाही, तानपुऱ्याची जवारी नाही. मेणाचे साचे जहाजानं जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथे तबकड्या छापल्या जात आणि विक्रीसाठी पुन्हा हिंदुस्थानात येत. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. गंमत अशी की तबकडी ज्या लाखेची बनायची ती इथल्याच, छोटा नागपूरकडच्या जंगलांतली. लाख इथली, गळा इथला, आणि दोघांची गाठ पडायची हॅनोव्हरला.

गायक-गायिका शेवटी आपलं नाव मोठ्यानं सांगत. ते तिकडच्या कारागिरांना लेबलं लावायला सोपं जावं म्हणून, असं सांगितलं जातं. वेग मात्र कुणी सांगितला नाही. कोरणारं यंत्र चालायचं खाली सरकणाऱ्या वजनावर. ते मिनिटाला ७० फेरे घेई, ७५ घेई, कधी ८० च्या पुढेही जाई. ध्वनिमुद्रकाची सवय, यंत्राची अवस्था, गाणं जरा लांबलं तर तबकडीत मावावं म्हणून केलेली कसरत, अशी कारणं अनेक. ७८ हा आकडा पुढे विजेच्या मोटरी आल्या तेव्हा स्थिरावला. मिनिटाला ३६०० फेरे घेणारी मोटर आणि तिला ४६ नं भागणारी दंतचक्रं, उत्तर ७८.२६. आपल्याकडच्यासारखा विजेचा पुरवठा असेल तिथे ७७.९२. जोहराबाईंची ध्वनिमुद्रणं १९०८ ते १९११ च्या सुमाराची. म्हणजे ज्या आकड्यावर मी त्यांना ऐकत होते तो आकडा त्या गायल्या तेव्हा ठरलेलाच नव्हता.

दुसरी चौकट वेळेची. दहा इंची तबकडीवर तीन मिनिटं, बारा इंचीवर फार तर साडेचार. मैफलीत रात्रभर गाणाऱ्यांनी ती तीन मिनिटं कशी वापरली, हा खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मला त्यातली एक बाजू जास्त महत्त्वाची वाटते. माझी पणजी रामबागेतल्या ब्राह्मण घरातली बाई. ती कधी बाईजींच्या बैठकीला गेली असती, हे संभवतच नाही. आणि बाईजी त्या घरात पाहुणी म्हणून येणं त्याहून अशक्य. पण जोहराबाई कर्ण्यातून आल्या आणि पणजीच्या माजघरात गाऊन गेल्या. पणजीची आवड ज्या गाण्यावर घडली ते तीन मिनिटांचं होतं, त्यात आलापी नव्हती, समोर गाणारीचा चेहरा नव्हता आणि तिला पैसे देणारा रसिकही नव्हता. राग ऐकायला प्रसंग लागतो, विशिष्ट वेळ लागते, माणसं लागतात, ही अट तबकडीनं पहिल्यांदा मोडली.

सगळेच त्या कर्ण्यासमोर बसले नाहीत. अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, पण त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचाही आवाज मागे राहिला नाही. मराठी रसिक या दोघांबद्दल शंभर वर्षं इतक्या खात्रीनं बोलत आले आहेत की जणू काल रात्रीच ऐकून आले. ती आवड शब्दांतून आणि शिष्यांच्या गळ्यांतून आलेली आहे. तिला कुठल्याही खटक्याची बाधा नाही, हे एक बरं.

१९२५ नंतर मायक्रोफोनवरचं विद्युत ध्वनिमुद्रण आलं आणि काय ऐकू येतं तेच बदललं. हळू गाणं शक्य झालं. अब्दुल करीम खाँ यांचा आवाज बारीक, टोकदार, आतल्या आत वळणारा. कर्ण्यापुढे त्याचं अर्धं सौंदर्य वाया गेलं असतं. त्यांनी तरुणपणीही तबकड्या दिल्या होत्या, पण लोकांच्या मनात राहिल्या त्या तिसाव्या दशकातल्या, मायक्रोफोनपुढच्या. झिंझोटीतली त्यांची ठुमरी त्यांतलीच. भीमसेन जोशींनी सांगितलेली गोष्ट सर्वांना माहीत आहे: गदगच्या त्या मुलानं ही तबकडी ऐकली आणि असं गायचं म्हणून १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडलं. या गोष्टीतली भक्ती आपण सांगतो, आकडा सांगत नाही. तीन मिनिटांच्या गाण्यानं वेडा झालेला मुलगा पुढे दीड-दीड तास एक राग मांडणारा गायक झाला. तबकडीत जे मावलं नव्हतं तेच त्याला हवं होतं की काय, कोण जाणे.

कुमार गंधर्वांची गोष्ट याच्या उलट दिशेची आहे. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गाऊन दाखवत. त्यावरच त्यांचं नाव झालं. म्हणजे कान सगळा तबकडीवर तयार झालेला. पुढे क्षयानं गाठलं, देवासला अंथरुणावर पाच-एक वर्षं गेली, गायची बंदी. त्या काळात बाहेरून येणारी माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली. ना यंत्र, ना कुणी गाणं निवडून दिलेलं, ना मधेच थांबवायची सोय. उठल्यावर कुमार गायले ते पूर्वीचं राहिलं नाही. त्यात एका फुप्फुसाच्या श्वासाचा भाग होता, हे खरंच. पण ऐकण्याची जागा बदलली, बैठकीऐवजी खिडकीतून ऐकावं लागलं, याचाही होता असं मला वाटतं. देवासहून इंदूर तासाभराच्या अंतरावर. माझ्या आजोबांना कुमारांचं नवं गाणं आयुष्यभर 'तुटक' वाटलं. ते तबकड्यांवर वाढलेले. तीन मिनिटांत भरगच्च ऐकायची सवय. कुमारांनी मधे ठेवलेल्या रिकाम्या जागा त्यांना यंत्र अडकल्यासारख्या वाटत असाव्यात.

मराठीत मायक्रोफोनचं खास अपत्य म्हणजे भावगीत. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी तिसाव्या दशकाच्या आरंभी तबकडीवर गायली आणि एक नवा प्रकार रूढ झाला. नाटकातलं पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावं लागे. भावगीत एकाच माणसाच्या कानाशी म्हटलेलं असतं. कविता, मायक्रोफोन आणि तीन मिनिटं यांतलं एक जरी काढलं तरी भावगीत उभं राहत नाही. मराठी मध्यमवर्गाला 'हळुवार' हा शब्द इतका का आवडतो, याचं उत्तर आपण कवींकडे शोधतो. थोडं मायक्रोफोनकडेही शोधायला हवं. हेच जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचे कर्तेधर्ते झाले. त्यांच्याकडे मी पुन्हा येते.

रेडिओबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात सांगते. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांना आवर घातला. लोक रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू करावी लागली. लोकांची आवड वरून सुधारायला निघालेल्या मंत्र्याचा पराभव, असा हा किस्सा सांगितला जातो. पण त्याच १९५२ मध्ये शनिवार रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि दीड तास एकच कलाकार ऐकायची सवय ज्यांना लागली, त्यांत तिकीट काढून मैफलीला जाणं ज्यांना कधी परवडलं नसतं असे लोक पुष्कळ होते. आईचे वडील त्यांतले. केसकर हरले हे अर्धसत्य आहे. पुण्याच्या केंद्रावरून १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी देणारं गीतरामायण हेसुद्धा रेडिओच्याच घड्याळावर बांधलेलं. पुढचं गाणं ऐकायला आठवडाभर थांबायचं, हा त्याच्या गोडीचा एक भाग होता. आता ते सलग ऐकताना तिसऱ्या-चौथ्या गाण्याला माझं लक्ष उडतं. दोष माडगूळकर-फडक्यांचा नाही.

एलपी आली आणि आमच्या घरात पिढ्यांचं भांडण आलं. १९६० मध्ये अमीर खाँ यांची एक एलपी निघाली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. खाँसाहेब इंदूरचे, त्यामुळे आजोळी ती येणं प्राप्तच होतं. आजोबांनी मारवा दोनदा ऐकला आणि म्हणाले, "सुरू कधी होणार?" माझ्या वडिलांसाठी मात्र तीच एलपी संगीताचं प्रवेशद्वार ठरली. वीस-एक मिनिटं अतिविलंबित लयीत एका स्वराकडे जायचं, जायचं आणि न पोचता परत यायचं, ही गोष्ट आधीच्या तबकडीवर शक्यच नव्हती. खाँसाहेब तसं आधीही गात होतेच. पण मैफलीत ते मोजक्यांनी ऐकलं. आता ते दिवाणखान्यात शंभर वेळा ऐकता येऊ लागलं. विलंबित आवडणं हे पुढच्या पिढीत जाणकारीचं लक्षण ठरलं, त्याला ही शंभर वेळांची सोय कारणीभूत आहे. मीही त्याच पिढीच्या ओंजळीनं पाणी प्यायले. कॉलेजात कुणी द्रुत बंदिशीवर मान डोलावली की मी मनातून त्याला कमी लेखायचे.

त्या एलपीनं आणखी एक केलं. मारवा संध्याकाळचा, दरबारी मध्यरात्रीचा. तबकडी उलटायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आपण दिवेलागणीतून मध्यरात्रीत जातो. आमच्या घरी ती सकाळी दहाला, भाजी चिरताना वाजायची. मला अजूनही मारवा ऐकला की फोडणीचा वास येतो. समयाचं शास्त्र मी वाचलंय, मला ते पटतंही. पण माझ्या नाकाला कोण सांगणार?

जी. एन. जोशींनी एलपीची ही ताकद ओळखली होती. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' त्यांच्या देखरेखीखाली झाली. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस अशी तिची कल्पना. तिथे मैफलीचं ध्वनिमुद्रण करायचं नव्हतंच; तबकडी हीच मैफल. जाणकारांनी नाकं मुरडली आणि एलपी घराघरांत गेली.

कॅसेटचं मला सविस्तर सांगायचंय, कारण ती माझी.

फिलिप्सनं कॅसेट काढली १९६३ मध्ये, पण आपल्याकडे ती खऱ्या अर्थानं पसरली ऐंशीच्या दशकात. आखातातून परतणाऱ्यांनी आणलेले टू-इन-वन, मग इथेच बनणारे स्वस्त डेक आणि कोऱ्या कॅसेटी. तोवर बाजार जवळजवळ एका कंपनीच्या हातात होता. आता थोड्या भांडवलात कुणालाही कॅसेट काढता येऊ लागली; टी-सिरीज मोठी झाली ती याच काळात. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात उत्तर हिंदुस्थानातल्या या उलथापालथीचा जो आढावा घेतला, तो वाचताना मला सारखं आमचं पुण्यातलं घर आठवत होतं.

आमच्याकडे टू-इन-वन होता तो 'खाजगी मैफलीं'साठी. कुणीतरी कुठल्यातरी दिवाणखान्यात कुमारांचं किंवा मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं टेप केलेलं, त्याची प्रत, प्रतीची प्रत, आणि पाचवी-सहावी प्रत वडिलांच्या हाती. प्रत्येक प्रतीबरोबर वरचा सूक्ष्म भाग झडायचा आणि खरखर वाढायची. टेप सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर पळायला हवी. प्रत्येक यंत्राचं पावणेपाच वेगळं. पट्टीचं काय होत असेल ते देव जाणे. पण त्या खरखरीमागून ऐकणं हीच आमची रसिकता होती. दुकानात मिळणाऱ्या स्वच्छ कॅसेटीला वडील 'बाजारी' म्हणायचे. नव्वदीच्या दशकात यातल्या काही मैफलींच्या स्वच्छ सीडी निघाल्या, तेव्हा मला त्या ओक्याबोक्या वाटल्या. तानपुरा स्पष्ट ऐकू येत होता, एकाची दाद, दुसऱ्याचं खाकरणं सगळं; फक्त दुर्मिळपणा गेला होता.

त्याच वर्षांत आमच्या खिडकीतून दुसऱ्या कॅसेटी ऐकू यायच्या. मागच्या वस्तीत चौदा एप्रिलला पहाटेपासून कर्णे लागत. वामनदादा कर्डकांची भीमगीतं, प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, आणि मग आनंद शिंद्यांचं ते पोपटाचं गाणं, जे त्या काळात लग्नाच्या वरातीपासून रसवंतीगृहापर्यंत सगळीकडे होतं. आमच्याकडे खिडक्या लावल्या जात. आवाज मोठा म्हणून, असं कारण सांगितलं जाई. आवाज मोठा होताच. पण गणपतीत आमच्याच सोसायटीच्या मांडवात तसाच कर्णा लागे, तेव्हा खिडक्या उघड्या असत. पाचव्या प्रतीतल्या खरखरीत सौंदर्य शोधणारे आमचे कान कर्ण्याच्या फाटक्या आवाजामागची कविता ऐकायला मात्र तयार नव्हते. यंत्र तर एकच होतं: तीच पट्टी, तेच प्लॅस्टिकचं खोकं, पट्टी सैल पडली की घालून फिरवायची तीच पेन्सिल.

मी ती गाणी ऐकली ती पुढे वसतिगृहात, वॉकमनवर. वॉकमन १९७९ मध्ये जपानात निघाला. माझ्या हाती आला तो सेकंडहँड, पंधरा-सोळा वर्षांनी. तोवर आमच्या घरात ऐकणं ही सगळ्यांची मिळून गोष्ट होती. जे लागेल ते सगळे ऐकणार, आणि जे लावायचं नाही ते कुणीच ऐकणार नाही. इअरफोन कानात गेला आणि मला पहिल्यांदा चोरून आवडायची मुभा मिळाली. मैत्रिणीकडून आणलेली वामनदादांच्या गीतांची कॅसेट लावली, तेव्हा कळलं की त्यांतली निम्मी गाणी मला पाठ आहेत. बंद खिडकीतून येऊन ती इतकी वर्षं आत बसली होती. शब्द मात्र तेव्हाच नीट ऐकू आले. कर्ण्यातून चाल पोचली होती, कानाशी आल्यावर कविता पोचली. पुढे अनुवाद करू लागले तेव्हा ओळीचं वजन कुठे पडतं, हे मी भावगीतांइतकंच या गाण्यांवरून शिकले. वडिलांना हे मी कधी सांगितलं नाही.

त्यानंतरचं लवकर सांगून टाकते, कारण ते सगळे जगताहेत. एमपी३ नं कानाला जे झाकलं जातं ते टाकून द्यायचं तंत्र आणलं. कमी आकाराच्या फाइलींत तानपुऱ्याची जवारी पाण्याखाली गेल्यासारखी गरगरते, आणि एक अख्खी पिढी तेच ऐकत मोठी झाली. आता फोनवर स्पॉटिफाय तीस सेकंद ऐकलं तर एक श्रवण मोजतं. एकतिसाव्या सेकंदाला षड्‌ज लावणाऱ्या गवयाचं तिथे काय होईल, याचा विचार करण्यात अर्थ नाही. एक कबुली देते. मीही हल्ली आलापी बोटानं पुढे सरकवते. आजोबांचं 'सुरू कधी होणार?' मला आता माझ्या अंगठ्यात ऐकू येतं.

आता पुन्हा जोहराबाई. त्या स्नेह्यांना मी विचारलं, वेग कुठे लिहिलेला नसताना तुम्ही तो ठरवता कसा? त्यांनी सांगितलं ते असं. तबकडीवर मागे पेटी वाजत असते. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. माझी तबकडी ७८ नं फिरवली तर पेटीचा षड्‌ज पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या फटीत पडतो. अशी पट्टीच नाही. म्हणजे वेग चुकलाय. अर्धी पट्टी खाली आणली तर पांढरी सहा, म्हणजे साधारण ७६ फेरे. दीड पट्टी आणली तर काळी चार, ७१-७२ फेरे. अडीच आणली तर पांढरी पाच, ६७-६८. पेटी एवढंच सांगते. या तिघांतून कोणती, ते सांगत नाही. "मग?" "मग काय, तिन्ही ऐकायच्या. जिथे बाई माणसासारखी वाटते, तान गळ्यातून आल्यासारखी वाटते, तिथे थांबायचं." त्यांनी काळी चार निवडली होती. ७८ च्या मानानं गाणं आठ टक्के हळू.

म्हणजे शेवटी आवडीनंच ठरवायचं. ज्या आवाजावरून आपली आवड तपासायला मी निघाले होते, तो आवाज एका जाणकाराच्या आवडीनं ठरलेला होता. त्यांचे कान चांगले आहेत, माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण ते कानही कुठल्या ना कुठल्या यंत्रावर तयार झालेत.

मी ती फाइल आईला ऐकवली. तिला आवडणार नाही अशी माझी खात्री होती. सत्तरी ओलांडलेल्या बाईला ओळखीचं गाणं बदलून दिलं तर राग येणारच. तिनं नेहमीसारखे डोळे मिटले. संपल्यावर म्हणाली, "हीच. घरी अशीच वाजायची." मी चमकले. मग तिनं सांगितलं: इंदूरच्या त्या चावीच्या ग्रामोफोनला वेग कमी-जास्त करायचा एक स्क्रू होता आणि आजोबा तो नेहमी मागे घेऊन ठेवत. पुण्याला विजेच्या प्लेअरवर पहिल्यांदा लावली तेव्हाच तिला काहीतरी बिनसलंय असं वाटलं होतं. "मग बोलली का नाहीस?" "मला वाटलं, लहानपणी सगळंच छान वाटतं. आता आपलेच कान मोठे झाले." वीसेक वर्षं दर रविवारी ती ते गाणं लावत होती आणि न सापडलेल्या गोष्टीबद्दल स्वतःला दोष देऊन तबकडी गुंडाळून ठेवत होती. मी पलीकडे बसून जोहराबाईंना दोष देत होते.

मला वाटलं, पुरावा मिळाला. आजोबांचे कानही काळी चारवरच थांबले होते! तसं मी म्हटल्यावर आई हसायला लागली. आजोबा हौशी पेटी वाजवायचे. त्यांचा हात फक्त काळी चारवर बसलेला; दुसऱ्या पट्टीत बोटं अडखळायची. रेकॉर्डबरोबर साथ करता यावी म्हणून ते स्क्रू फिरवून प्रत्येक गाणारीला आपल्या काळी चारला आणत. गौहर जान असो की जानकीबाई, सगळ्या काळी चार.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. साडेतीन मिनिटांची, जुन्या तबकडीच्या मापाची. गोव्यातल्या केरीहून निघालेल्या आणि ध्वनिमुद्रणाबद्दल आयुष्यभर नाखूश असलेल्या केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या. दोन्ही यानं तोवर नुकतीच निघाली होती. त्या तबकडीच्या आवरणावर आकृत्या कोरल्या आहेत. सुई कशी ठेवायची, आणि एक फेरा किती वेळात पुरा व्हायला हवा: ३.६ सेकंद, हायड्रोजनच्या अणूतल्या एका बदलाला लागणाऱ्या काळाच्या पटीत मांडलेले. मिनिटाला १६⅔ फेरे. आमच्या प्लेअरच्या खटक्यावरचा तो कधीच न वापरलेला १६ चा आकडा. परग्रहावर कुणी असेल आणि त्याला कान असतील, तर तो केसरबाईंना योग्य पट्टीत ऐकेल. जोहराबाईंच्या तबकडीवर असं काही लिहिलेलं नाही.

आई आता फोनवर ऐकते. मी तिला एक साधं ॲप घालून दिलंय; त्यात वेग आणि पट्टी एकत्र खाली-वर करता येते, जुन्या स्क्रूसारखी. परवा गेले तेव्हा ती जोहराबाईंना पांढरी पाचवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, हे फार खाली झालं. ती म्हणाली, "थांब जरा, ऐकू दे," आणि डोळे मिटले.